बिनचंद्राचा लांडगा

कोजागिरीच्या रात्री गच्चीवर भुताचा पिक्चर लावायची टूम माझ्या भाच्याने काढली. आमच्या इंदूरच्या मराठी वस्तीत कोजागिरी म्हणजे आटवलेलं दूध, भुट्ट्याचा कीस, गाण्याच्या भेंड्या आणि बाराच्या ठोक्याला ‘आवरा आता’ म्हणणारे पहिल्या मजल्यावरचे काका, असा क्रम वर्षानुवर्षं ठरलेला. गेल्या वर्षी भेंड्या मागे पडल्या आणि दोन बांबूंना ताणून बांधलेल्या डबलबेडच्या चादरीवर दिग्दर्शक ली व्हॅनेलचा ‘वुल्फ मॅन’ लागला. २०२५ च्या जानेवारीत आलेला, माणसाचा लांडगा होतो त्या जुन्याच गोष्टीवरचा. पंधरा मिनिटांत पहिली तक्रार आली, ‘काही दिसत नाहीये.’ खरंच दिसत नव्हतं. पिक्चर मुळात काळोखात घेतलेला, आणि वर आश्विनातला चंद्र असा फाकलेला की चादरीवर प्रोजेक्टरपेक्षा त्याचाच उजेड जास्त. पण पिक्चर संपल्यावर सगळ्यात मोठी तक्रार निघाली ती चंद्र कमी पडल्याची. डोक्यावरचा नव्हे, पडद्यावरचा. ‘पौर्णिमाच नाही दाखवली! मग हा वेअरवुल्फ कसला?’ भाच्याच्या एका मित्राने तर इंदुरी निकाल देऊन टाकला, ‘भिया, ये भेड़िया नहीं, बुखार है.’

तेव्हापासून हा वाद मी ठिकठिकाणी ऐकतो आहे. ऑफिसात, छप्पन दुकानावर हातात प्लेट धरून, घरी जेवताना. सगळीकडे त्याच्या दोनच बाजू. एक म्हणते, लांडगा लांडग्यासारखा दिसत नाही, पौर्णिमा नाही, त्याला मारणारी चांदीची गोळी नाही, म्हणजे प्रेक्षकाची शुद्ध फसवणूक. दुसरी म्हणते, अहो, हे रूपक आहे. आजाराचं आहे, बापाकडून मुलाकडे उतरणाऱ्या संतापाचं आहे, तुम्हाला कळलं नाही. मला दोघेही साप समजून भुई धोपटताना दिसतात. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ह्या पिक्चरने जे नियम मोडले असं म्हणतात, ते नियम कधी नव्हतेच. आणि त्यात रूपक आहे म्हणून त्याच्या चुका माफ होत नाहीत. ह्या जातीच्या गोष्टीला विचारण्यासारखा प्रश्न वेगळाच आहे. समोरचा माणूस जनावर झाला, हे ठरवतं कोण? आणि ज्याच्याबद्दल ते ठरतं, त्याला त्या वेळी आतून काय ऐकू येत असतं? ‘वुल्फ मॅन’ मधला काही वेळ ह्या प्रश्नाला थेट भिडतो आणि मग घाबरून पळून जातो. भांडायचंच तर त्यावर भांडावं.

नियमांचं आधी बघू. १९४१ साली युनिव्हर्सल स्टुडिओने ह्याच नावाचा चित्रपट काढला. धाकटा लॉन चॅनी नायक, जॅक पिअर्सची रंगभूषा. त्यात गावातली माणसं लांडग्याबद्दलचं एक पद्य म्हणतात: शुद्ध मनाचा, देवाची प्रार्थना करणारा माणूससुद्धा विशिष्ट फुलं फुलली आणि शरदातला चंद्र उजळला की लांडगा होऊ शकतो, अशा आशयाचं. कित्येक लोक ते युरोपातलं जुनं लोकगीत समजतात. ते पद्य पटकथाकार कर्ट सिऑडमॅकने स्वतः रचलेलं आहे. त्यातही चंद्र नुसता शरदातला. तो पूर्ण असावा लागतो हा शब्दबदल १९४३ च्या पुढच्या भागात झाला. चांदीच्या गोळीचाही १९४१ च्या त्या चित्रपटात नुसता बोलण्यात उल्लेख आहे, मारायला तिथे चांदीच्या मुठीची काठी आहे. जुन्या युरोपीय कथांत आणि खटल्यांत डोकावलं तर कुठे चंद्र आहे, कुठे अजिबात नाही. कुठे सैतानाने दिलेला कमरपट्टा, कुठे लांडग्याचं कातडं, कुठे अंगाला चोळायचा लेप. म्हणजे ज्याला आपण ‘परंपरा’ म्हणून छातीशी धरतो आहोत, तिचा बराचसा भाग माझ्या आजीपेक्षा वयाने लहान आहे. आणि आपण कधीपासून इतके कर्मठ झालो? १९९२ साली महेश भट्टांच्या ‘जुनून’मध्ये पौर्णिमेला राहुल रॉयचा लांडगा नव्हे, वाघ झाला. आमच्या पिढीने तो मुकाट्याने पाहिला. लांडगा कुठे गेला असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. आपल्या जंगलात वाघ जवळचा, म्हणून वाघ. हिशेब सरळ होता.

सिऑडमॅकबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती पुढे लागणार आहे. तो जर्मनीत वाढलेला ज्यू होता आणि हिटलर आल्यावर देश सोडून पळाला होता. त्याच्या चित्रपटात ज्याचा पुढचा बळी जाणार, त्याच्या तळहातावर लांडगामाणसाला पाच टोकांची चांदणी दिसते. माणसावर चांदणीची खूण उमटते आणि मग तो मारला जातो. हे लिहिणारा माणूस कुठून आला होता हे ठाऊक असलं, की पौर्णिमेचा मुद्दा किती किरकोळ आहे ते लक्षात येतं.

आता विरुद्ध बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो, आणि ते थोडंथोडकं नाही. नाव ‘वुल्फ मॅन’ ठेवून तिकीट विकलं की प्रेक्षक लांडगा मागणार, त्यात त्याचं काय चुकलं? पाटी लावायची तमाशाची आणि आत कीर्तन मांडायचं, मग लोक उठून गेले की लोकांची अभिरुची काढायची, हा धंदा मलाही पसंत नाही. अमेरिकेत पहिल्या दिवशी बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना विचारून सिनेमास्कोर नावाची श्रेणी देतात. ह्या पिक्चरला ती सी-मायनस मिळाली. साधारण अडीच कोटी डॉलरचा पिक्चर, जगभरात साडेतीन कोटींच्या आसपास अडकला. हे आकडे तोंडावर फेकणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन की भयपटांना ह्या मोजपट्टीवर बहुधा कमीच गुण पडतात. ‘हेरेडिटरी’ला २०१८ साली डी-प्लस होता आणि आज तो भयपटांच्या कुठल्याही चर्चेत मानाने बसतो. आपल्या ‘तुंबाड’चं काय झालं? २०१८ मध्ये आला आणि गेला. २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. अर्थात ह्याचा उलटा अर्थही काढू नये. पडलेला प्रत्येक पिक्चर काळाच्या पुढे असतो असं नाही. बहुतेक पडलेले पिक्चर पडण्याच्याच लायकीचे असतात.

‘लांडग्यासारखा दिसत नाही’ ही तक्रार मात्र मला मुळातच पटत नाही. ह्यातला ख्रिस्तोफर ॲबट केसाळ, भरदार जनावर होत नाही. त्याचे दात पडतात, केस विरळ होतात, कातडी निबर होते, खांदे आत ओढले जातात. लोक म्हणतात, हा लांडगा कसला, हा तर आजारी माणूस. प्रश्न असा की लांडगा पाहिलाय कुणी? आपल्या डोक्यातला लांडगा सायबेरियाच्या बर्फातला, कॅलेंडरवरचा, मानेला आयाळ असलेला. आपला हिंदुस्थानी लांडगा वीस-बावीस किलोचा, मातकट, सडपातळ, उन्हाळ्यात तर गावठी कुत्र्यासारखा दिसणारा. हे गाव होळकरांचं, आणि होळकर मूळचे धनगर. ज्यांच्या मेंढरांमागे लांडगा पिढ्यान्‌पिढ्या चालला अशा लोकांनी राज्य केलेल्या शहरात आपण पोस्टरवरचा लांडगा प्रमाण मानावा, ही मौज आहे. अंगावर मांस नसलेलं, अर्धवट झडलेलं, भुकेलं जनावर हेच आपल्या माळावरच्या लांडग्याला जास्त जवळचं आहे.

आता रूपकवाले. त्यांच्यावर माझा राग जास्त आहे, कारण ती माझी माणसं आहेत. असले पिक्चर मी त्यांच्याच बरोबर बसून पाहतो. त्यांचं म्हणणं, ह्या पिक्चरला घाबरवायचंच नव्हतं, त्याला ‘सांगायचं’ होतं. हा बचाव पिक्चरचा जीव घेणारा आहे. नाथांचं विंचवाचं भारूड आठवा. काम-क्रोधाचा विंचू चावला, हा अर्थ सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतो. तरी भारूड रंगतं कधी? सोंग घेणारा माणूस आधी खरोखर विंचू चावल्यासारखा बोंबलतो, पाय झाडतो, लोळतो, तेव्हा. मांडवातल्या बायका हसतात, पोरं घाबरून आईला चिकटतात, आणि मग अर्थ येतो. आधी विंचू चावला पाहिजे. नुसता अर्थ सांगायला महाराज आहेतच की. रूपक हे आधी वस्तू म्हणून उभं राहिलं पाहिजे. भयपटाने भीती दाखवलीच नसेल आणि तुम्ही म्हणाल की ती प्रतीकात्मक होती, तर उपाशी माणसाला प्रतीकात्मक पोळी वाढल्यासारखं ते होतं. तेव्हा गच्चीवरचे जे लोक म्हणाले ‘भीतीच वाटली नाही’, त्यांना ‘तुम्हाला कळलं नाही’ हे उत्तर नाही.

मग मला भीती वाटली का? वाटली. त्या रात्री गच्चीवर नाही. दोन दिवसांनी घरी, दिवे घालवून एकट्याने पाहिला तेव्हा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ब्लेक नावाचा बेकार लेखक, त्याची पत्रकार बायको शार्लट, छोटी मुलगी जिंजर. ब्लेकचा बाप अनेक वर्षं बेपत्ता, आता सरकारदरबारी मयत ठरलेला, म्हणून ते ओरेगनच्या जंगलातलं त्याचं घर आवरायला निघतात. वाटेत अपघात, अंधारात कोणीतरी ब्लेकच्या हातावर ओरखडा काढतं, आणि मग एका रात्रीत, त्या बंद घरात, त्याचं रूपांतर. सुरुवातीला त्याला कुठूनतरी धप्प धप्प आवाज येतो. तो घरभर शोधतो. भिंतीवरून एक कोळी चाललेला असतो, त्याची पावलं. आणि मग तो प्रसंग येतो, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो. ब्लेक खाटेवर पडलेला, शार्लट समोर बसून त्याच्याशी बोलते आहे. कॅमेरा तिच्याकडून हळूहळू फिरत त्याच्याकडे जातो, आणि त्या फिरण्यात प्रकाश बदलतो, तिचे डोळे चमकायला लागतात आणि तिचे शब्द शब्द राहत नाहीत. तिच्या तोंडून नुसता आवाज निघतो. तिला वाटतं, हा बोलत नाही. त्याला वाटतं, ही काहीतरी भलतंच बोलते आहे. खोली तीच, माणसं तीच, मधला पूल तेवढा वाहून गेलेला.

माझे थोरले काका रामबागेतल्या जुन्या घरात राहायचे. आयुष्यभर कापडगिरणीत हिशेब लिहिलेला माणूस, बोलण्यात पटाईत, मराठी-हिंदी-मालवी तिन्ही तोंडात एकदमच. अर्धांगाचा झटका आला आणि त्यातून ते उठले, हातपायही बऱ्यापैकी परतले. भाषा परतली नाही. डॉक्टरांनी त्याला वाचाघात म्हटलं. काकू विचारायची, ‘चहा घेता?’ ते तिच्या तोंडाकडे बघत राहायचे, स्टेशन लागत नसलं की आपण रेडिओकडे बघतो तसे. मग ते काहीतरी बोलायचे, पूर्ण वाक्याच्या चालीत, हेल बरोबर, प्रश्नचिन्ह बरोबर, शब्द मात्र एकही ओळखीचा नाही. आपण समजलो नाही हे त्यांना कळायचं. एकदा त्यांनी कप भिंतीवर फेकला. त्या दिवशी दिवाणखान्यात जमलेल्या नातेवाइकांपैकी एकाने अगदी मायेने, दबक्या आवाजात म्हटलं, ‘आता हे आपले राहिले नाहीत हो.’ काका तिथेच बसले होते. त्यांना ते वाक्य कळलं की नाही, आम्हाला आजतागायत माहीत नाही.

कोजागिरीला काकूही गच्चीवर होती. पौर्णिमा, गोळी, रंगभूषा यांवर एवढी कालवाकालव चालली असताना ती दुधाचे पेले गोळा करत होती. मी विचारलं, काकू, तुला कसा वाटला? ती म्हणाली, ‘त्याला ऐकू येत होतं की नाही, मी तेवढंच बघत होते.’ आणि पातेल्याला चिकटलेली साय चमच्याने खरवडायला लागली.

ह्यावर कुणी म्हणेल, हा तुमचा घरगुती योगायोग झाला. ज्याच्या घरी वाचाघात नाही त्याने काय करावं? रास्त आहे. म्हणून घर सोडून इतिहासाकडे येतो. १५८९ साली कोलोनजवळच्या बेडबुर्ग गावात पेटर स्टुंप नावाच्या शेतकऱ्याला लांडगा होऊन माणसं खाल्ल्याच्या आरोपावरून चाकावर हाडं मोडून मारलं. सैतानाने कमरपट्टा दिला होता, अशी कबुली त्याने दिली; ती यातना देऊन घेतलेली. त्याची मुलगीही त्याच्याबरोबर मारली गेली. (आपल्याकडे ह्याच दशकांत पैठणला नाथ भारुडं रचत होते, हे सहज आठवलं.) पुढे चौदाच वर्षांनी, १६०३ मध्ये, फ्रान्सच्या नैर्ऋत्येला जाँ ग्रेनिए नावाचा जेमतेम तेरा-चौदा वर्षांचा गुराखी स्वतःच सांगत सुटला की मी लांडगा होतो आणि मुलं खातो. खालच्या न्यायालयाने फाशी सांगितली. बोर्दोच्या वरिष्ठ न्यायपीठाने ती उलटवली: मुलगा बुद्धीने अधू आहे, त्याला मठात ठेवा. आरोप एकाच जातीचे, कबुल्याही दोघांच्या. मधल्या चौदा वर्षांत लांडगे बदलले नव्हते. समोर उभा असलेला माणूस आहे की जनावर, हे ठरवायला बसलेली माणसं निराळी होती. ‘भिया, ये बुखार है’ हे थट्टेत म्हटलेलं वाक्य बोर्दोच्या न्यायाधीशांनी गंभीरपणे म्हटलं होतं आणि त्याने एका पोराचा जीव वाचला. (पिक्चरमध्येही त्या रोगाला स्थानिक लोक डोंगरातला तापच म्हणतात, भाच्याच्या मित्राला आपण बरोबर बोललो ह्याचा पत्ता नाही.)

ही सगळी जुन्या, अडाणी युरोपातली भानगड, असं समजून हात झटकता येत नाहीत. १९९६ साली पूर्व उत्तर प्रदेशात प्रतापगड, सुलतानपूर, जौनपूर पट्ट्यात लांडग्यांनी कितीतरी लहान मुलं उचलली. मुलं खरी गेली, लांडगे खरे होते. पण गावांत बातमी फिरली की हा लांडगा नाही, लांडग्याचं सोंग घेतलेला माणूस आहे. दोन पायांवर उभा राहतो. लोक रात्री जागू लागले आणि अनोळखी माणूस दिसला की त्याला घेरू लागले. त्यात माणसं मेली. लांडग्यांनी नव्हे, जमावाने मारलेली. २००१ च्या मे महिन्यात राजधानी दिल्लीत ‘काळ्या माकडा’च्या अफवेची तीच तऱ्हा. आणि आपल्याला अगदी जवळचं हवं असेल तर धुळं इंदूरहून लांब नाही: १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातला राईनपाडा, भिक्षा मागायला आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, ‘मुलं पळवणारी टोळी’ म्हणून ठेचून मारले. मराठीत एकावर अनेकांनी तुटून पडण्याला लांडगेतोड म्हणतात. आपली भाषा किती वर्षांपूर्वी हे म्हणून बसली आहे! अशा वेळी लांडगा कोण झालेला असतो, मधे पडलेला की भोवतीचे?

इथे वन्यजीवप्रेमी मित्रांची हरकत येते, आणि ह्या वादातली मला ती सगळ्यात वजनदार वाटते. ते म्हणतात, तुम्ही माणसाच्या पापाला लांडग्याचं नाव देता आणि त्याची किंमत खरा लांडगा मोजतो. देशात लांडगे उरले साधारण तीन हजार. त्यांतले सर्वाधिक आपल्या मध्य प्रदेशात. वाघाइतकंच कायद्याचं पहिल्या परिशिष्टातलं संरक्षण त्याला आहे; वाघाइतकी सहानुभूती नाही. २०२४ मध्ये बहराइचला हल्ले झाले तेव्हा ‘ऑपरेशन भेड़िया’ चालू होतं, ड्रोन फिरत होते, आणि त्या काळात जो तो लांडग्याला सैतान ठरवून मोकळा होत होता. कोल्हा दिसला तरी काठ्या निघत होत्या. हे मी नाकारत नाही. पण लांडगामाणसाची गोष्ट बंद केल्याने हे थांबेल का? १९९६ च्या त्या गावांतल्या किती लोकांनी इंग्रजी भयपट पाहिले असतील? अफवेला पडदा लागत नाही. उलट जनावराच्या कानात बसून बाहेर ऐकायला लावणारा पिक्चर, वाईट का असेना, जनावराला सैतान ठरवण्याच्या जवळून जात नाही. २०२२ च्या ‘भेडिया’ने अरुणाचलच्या जंगलात लांडग्याला थेट वनाचा राखणदार केलं; तेही ठीक, पण तिथे विनोदाने काम सोपं करून घेतलं होतं. जनावराची कड घेणं सोपं असतं, त्याच्यासारखं ऐकणं अवघड.

मला ह्या सगळ्या भांडणात राहून राहून ‘घाशीराम कोतवाल’ आठवतं. १९७२ च्या डिसेंबरात पुण्यात ते रंगमंचावर आलं आणि वाद कशावर पेटला? नाना फडणवीस असे होते का, ब्राह्मणांची बदनामी आहे का, इतिहास खरा की खोटा. थोड्याच प्रयोगांनंतर मूळ संस्थेने नाटक थांबवलं. नाटकात काय होतं? एका परक्या माणसाला चोर ठरवून शहर बदडतं, तो सूड घ्यायची शपथ घेऊन कोतवाल होतो, शहराला पिळतो, आणि शेवटी तेच शहर दगडं घेऊन त्याच्यावर तुटून पडतं. ज्याने त्याला बनवला तो मागे सुखरूप. माणसाचं जनावर कसं करतात आणि मग जनावर म्हणून कसं मारतात, ह्याचा एवढा उघडा पाठ मराठी रंगभूमीवर दुसरा नसेल, आणि आपण बसलो नानांच्या चारित्र्याचा पंचनामा करत. त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखं होतं. ऐतिहासिक व्यक्तीचं नाव वापरलं की जबाबदारी येते, हे मला मान्य आहे. ‘वुल्फ मॅन’ नाव घेतलं की लांडगा दाखवायची जबाबदारी येते, तशीच. पण जबाबदारीचा मुद्दा मांडून झाल्यावर मूळ प्रश्नाकडे कुणीतरी वळायला हवं की नको? व्हॅनेलचा पिक्चर तेंडुलकरांच्या नाटकाच्या पासंगालाही पुरत नाही, हे उघड आहे. भांडण्यातली आपली खोड तीच आहे, एवढंच म्हणतो.

आणि आता पिक्चरवर माझा खरा राग. जो माणूस कोळ्याची पावलं ऐकवू शकतो, बायकोच्या वाक्याचा चेंदामेंदा होताना दाखवू शकतो, त्याने तिथून उठून पळावं का? मधल्या भागानंतर पिक्चर ब्लेकच्या कानांतून बाहेर पडतो तो जवळजवळ बाहेरच राहतो. मग गाडी, कोठार, धावाधाव, दार लावा, दार उघडा. बाहेरचं दुसरं जनावर म्हणजे ब्लेकचा हरवलेला बाप, हा गौप्यस्फोट, जो आमच्या इमारतीतल्या नववीतल्या मुलीने विसाव्या मिनिटाला मोठ्याने सांगून टाकला होता. शार्लटला पत्रकार म्हणून आणलंय, पण ती एकही प्रश्न विचारत नाही. पत्रकार बाई नवऱ्याचे दात पडताना बघते आणि तिला काय झालं हे जाणून घ्यावंसं वाटत नाही? ज्युलिया गार्नरसारख्या नटीला नुसतं ओठ चावत उभं करायचं म्हणजे सतारीवर लसूण ठेचण्यातला प्रकार. आणि काळोख! गच्चीवर दोष चंद्राचा होता, पण घरच्या टीव्हीवरही काही दृश्यांत मला स्वतःचंच तोंड दिसत होतं. एक जागा मात्र शेवटाकडेही जिवंत आहे. सापळ्यात पाय अडकलेला ब्लेक स्वतःचाच पाय कुरतडून सुटतो. तिथे गच्चीवर सगळे गप्प झाले होते, पौर्णिमावालेसुद्धा. का? तिथे विंचू खरा चावला होता.

शेवटी मुलगी आईला सांगते की बाबाला हे आता संपायला हवंय. बापलेकीचा एक खेळ होता, एकमेकांच्या मनातलं ओळखायचा. त्याच्या आधारावर ती हे सांगते, आणि आई गोळी झाडते. अनेकांना हा शेवट हृद्य वाटला. मला तो गैरसोयीचा वाटतो, आणि पिक्चरला ती गैरसोय कळलेलीच नाही. ब्लेकला खरंच तसं वाटत होतं, की ते तिला तसं वाटलं? एवढा वेळ आपल्याला त्याच्या कानांत बसवलं, आणि नेमक्या त्या क्षणी त्याच्या बाजूचं दार बंद. आपण बाहेर, बंदुकीच्या बाजूला. तिथे एकदा, फक्त एकदा, कॅमेरा पुन्हा फिरला असता आणि मुलीचं ते वाक्य त्याला कसं ऐकू येतं हे कळलं असतं, शब्द म्हणून की नुसता आवाज म्हणून, तर मी पौर्णिमा, गोळी, काळोख, सगळं माफ करून हा पिक्चर दहा जणांना दाखवला असता. आमच्या दिवाणखान्यातल्या त्या दबक्या आवाजातल्या माणसाचीही खात्रीच होती.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, मधेच मोबाइलवर बोर्दोचा खटला तपासून घेतला, तो खरा निघाल्यावर मान डोलावली. मग म्हणाला, ‘मामा, सगळं पटलं. पण तरी पौर्णिमा पाहिजे होती.’ ह्यावर माझ्याकडे युक्तिवाद नाही. यंदाचा पिक्चर निवडायचं काम त्याच्याकडेच दिलंय. माझी अट एवढीच की चादर ह्या वेळी पाण्याच्या टाकीच्या सावलीत बांधायची.